मार्ग क्रमांक तीन

टपालाच्या गाडीचं चाक उजवीकडे असतं, आपल्याकडच्यासारखं.
रुजू झाले तेव्हा ओळखीचं एवढंच होतं.
आता अकरा वर्षांनी डोळे मिटून सांगेन
विस्कॉन्सिनच्या या टेकड्यांत कुठल्या पेटीचं दार कुरकुरतं,
कुठल्या पेटीला गोगलगायी लागतात,
कुणाचं कुत्रं फक्त मंगळवारी भुंकतं.

सप्टेंबर सरता सरता मका धुवट खाकी होतो.
सोयाबीनची पानं झडून जातात,
शेंगा तेवढ्या राहतात, खुळखुळत.
मेपल बघायला शहरातून गाड्या येतात,
लाल रंगाचे फोटो काढून अंधाराआधी परततात.
मी बघते ते लाल वेगळं : पेटीवरचं पत्र्याचं निशाण.
उभं असेल तर घरात कुणीतरी आहे
आणि त्याला कुणालातरी काही कळवायचं आहे.

पहिल्या वर्षी एकशे चार पेट्या होत्या.
परवा मोजल्या. एकोणऐंशी.

आर्नी लुंडचा गोठा लिलावात गेला.
त्रेपन्न गायी, प्रत्येकीला नाव,
पुकारणाऱ्यानं नंबर पुकारले.
म्हणतात, मधल्या सुट्टीत आर्नी मागे गेला
आणि एकेकीच्या कानात तिचं नाव सांगून आला.
खरं-खोटं गायी जाणोत.
दाण्याच्या गिरणीत माल येत नाही,
तिथल्या मोठ्या काट्यावर पारवे बसतात, उठतात,
काट्याला पत्ताही लागत नाही.

यंदा पितृपक्ष उशिरा आला.
बहीण फोनवर म्हणाली, कावळा शिवलाच नाही गं,
तासभर गच्चीत पान घेऊन उभे होतो.
मी काय सांगणार?
इथे वळणावर रोज एक हरीण पडलेलं असतं,
आणि कावळे हॉर्न दिला तरी हलत नाहीत.
एखादा मान वर करून माझ्याकडे बघतो,
जणू पान मीच वाढलंय
आणि मीठ राहिलंय.

व्हर्ना टोलेफसन ऑगस्टमध्ये गेली.
सगळे मला मँडी म्हणतात. ती मंदाकिनी लिहायची,
एक अक्षर हमखास जास्त.
पेटीत चिठ्ठी ठेवायची, तिच्यावर तिकीट लावून;
पेटीत ठेवायचं तर तिकीट हवंच, नियम आहे, म्हणायची.
चिठ्ठीत एकच ओळ :
आज सकाळी बावन्न गेले.
ती त्यांना सँडहिल म्हणायची, मी क्रौंच.
त्यांचा आवाज ऐकलाय?
लाकडी रहाट आभाळात कुणीतरी फिरवतंय तसा.
टोमॅटोवर मात्र ती तिकीट लावत नसे.

तिचं टपाल येतंच आहे.
श्रवणयंत्राची सवलत, पुढच्या वर्षीच्या घेवड्याचं बियाणं.
नव्वद दिवस कुणी उचललं नाही
तर पेटी मार्गावरून काढायची, हाही नियमच.
एक्याऐंशीव्या दिवशी दार उघडलं
तर बियाण्याच्या यादीचा भुगा झालेला,
त्यात काळ्याभोर डोळ्यांची उंदरी,
पोटाशी बोटाच्या पेराएवढी गुलाबी पिल्लं.
तिनं पळायला हवं होतं. पळाली नाही.
श्रवणयंत्राचं पाकीट मी आत सरकवलं.
जाड कागद आहे, थंडीला बरा.

गुरुवारी संध्याकाळी गाडी कडेला घेतली.
मोजायला लागले, चौतीसपर्यंत नीट,
मग दोन रांगा एकमेकींत शिरल्या
आणि माझा हिशेब चुकला.
पुन्हा सुरुवात केली तोवर
टेकडीवर नुसता आवाज उरलेला.
तिला कसं जमायचं कुणास ठाऊक.

काल नव्वदावा दिवस.
फॉर्मवर एक रकाना असतो : पेटी वापरात आहे काय?
पेनातली शाई गारठलेली,
दोनदा झटकलं, हातावर फुंकर मारली,
आणि लिहिलं : आहे.